खात नाय, लावते

माझ्या मोठ्या बहिणीला खालचा डावा जबडा नाही. डावा गालही तिचा नाही, छातीचं मांस उचलून तिथे लावलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने पुढे जाऊन ‘अगं बाई’ करायला नको. त्यात माझा हात किती होता, तेच सांगायला मी बसलेय.

मी कवळ्या करते. पेणला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची दोन खोल्यांची लॅब आहे. लॅब म्हटलं की लोकांना वाटतं रक्त-लघवी तपासतात, आणि येतात की बाटली घेऊन! आता दारावर दातांचं चित्रच लावलंय. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यावर दात बसवून परत पाठवतो. डॉक्टर ते तोंडात घालतात आणि नाव त्यांचं होतं. होऊ दे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण जिथे नाव लागत नाही तिथे बोलणीही खावी लागत नाहीत, असं मी इतकी वर्षं समजत होते.

माहेर माझं जोह्याचं. घरी गणपतीचा कारखाना. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याच्या हातात पॉलिश पेपर येतो. साच्यातून निघालेली मूर्ती कच्ची असते. कुठे सांध्याची रेघ, कुठे बुडबुड्याचं भोक, कुठे नको तिथे फुगवटा. ते घासून घासून काढायचं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिचा हात भराभर चालायचा पण फुगवटे तसेच राहायचे. वडील मूर्तीवरून अंगठा फिरवायचे आणि तिला म्हणायचे, “हे काय ठेवलंस? देवाच्या अंगाला गाठ?” मग ती मूर्ती माझ्याकडे यायची. माझ्या हातून गेलेल्या मूर्तीवर वडिलांचा अंगठा कधी अडला नाही. याचा मला भारी गर्व. ताई चिडवायची, “जा गो, तुला एक दिवस माणसांनाच घासायला बसवतील.” आम्ही दोघी हसायचो.

लॅबमध्ये आले तेव्हा पहिल्याच दिवशी बघते तर तेच प्लॅस्टर. तीच पांढरी पावडर, तसंच पाण्यात कालवायचं, तसंच मापात ओतायचं. फक्त देवाऐवजी तोंड. बाकीच्यांना शिकायला वर्ष लागलं, मला महिना.

तेव्हा आमचं निम्मं काम रोह्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून यायचं. त्यांची एक सवय होती. बाई खुर्चीत बसली की दात बघायच्या आधी ते गालाच्या आत बोट घालून हिरडीपर्यंत फिरवायचे, दोन्हीकडे. आणि विचारायचे, “लावता का?” काय लावता ते सांगायची गरज नसायची. आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तो भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. मग दुपारी जेवल्यावर. मग संध्याकाळी. घर सारवायचं तसे दात घासायचे, त्यात लपवण्यासारखं काय? बायका लगेच सांगायच्या, “लावते की. चार वेळा.” डॉक्टर ओरडायचे. बायका पदराआड हसायच्या. आणि डॉक्टर आमच्या चिठ्ठीवर, दातांचा रंग आणि नंबर लिहितात त्याच्या खाली लिहायचे, ‘मिश्री. डावीकडे नजर ठेव.’

मी नजर ठेवायची म्हणजे काय? तर अंगठा फिरवायचा. एकदा एका बाईच्या मापावर प्लॅस्टर ओतलं, सुटल्यावर हातात घेतलं, तर खालच्या हिरडीच्या बाहेर, गालाकडच्या खाचेत, मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी. मापात बुडबुडा राहिला असला तर तो प्लॅस्टरवर मण्यासारखा उठतो, चिमट्याने टकन उडतो. हा उडणारा नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्या बाईला परत बोलावली, बोट घातलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. लवकर सापडलं म्हणून थोडक्यात निभावलं. ती बाई आजही रोह्याच्या बाजारात सुकट विकते. मला ओळखत नाही. मी तिच्याकडूनच सुकट घेते आणि तिच्या डाव्या गालाकडे बघत राहते.

म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांचे हात थरथरायला लागले तसे ते घरी बसले आणि वर्षभरात गेलेही. दवाखाना त्यांच्या मुलीने घेतला. पोर हुशार. मला ‘मावशी’ म्हणते, मी तिला ‘मॅडम’ म्हणते, जरी तिला फ्रॉकमध्ये पाहिली असली तरी. तिने दवाखान्यात स्कॅनर आणला. जाडसर पेनासारखा कॅमेरा असतो, तो तोंडात फिरवायचा, की समोरच्या स्क्रीनवर दात-हिरड्या जशाच्या तशा उमटत जातात. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. आधी मापासाठी तोंडात तो गिळगिळीत मसाला भरून ट्रे दाबायचे, म्हातारी माणसं ओकायची, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आता दहा मिनिटांत काम झालं. माप टेम्पोत तुटायची भीती नाही, प्लॅस्टर फुगायची भीती नाही. रोह्यात कॅमेरा फिरला की चहा पिऊन होईस्तोवर फाइल पेणला माझ्या कॉम्प्युटरवर.

मी पन्नाशी गाठलेली बाई. लॅबचे मालक म्हणाले, “तुम्हाला जमणार नाय, नवीन माणूस घेतो.” झालं! मला तेवढं पुरे होतं. मी दोन महिने रोज शिकायला बसले. माउस धरून मनगट सुजलं. पण शिकले. आणि मग बघा कौतुक, जे घासकाम पॉलिश पेपरने करत होते, ते आता स्क्रीनवर. एक गोल ब्रश असतो, तो फिरवला की खडबडीत भाग सपाट होतो. फाइल रोह्याहून यायची तेव्हा सगळी राखाडी असायची. दवाखान्याच्या स्क्रीनवर हिरडी गुलाबी दिसते, लाल असेल तर लाल, पांढरं असेल तर पांढरं. आमच्याकडे नुसता आकार पाठवायचे, रंग नाही, कारण कवळीला रंग लागत नाही. रंग न दिलेल्या गणपतीसारखीच ती तोंडं असायची. मला तर घरी आल्यासारखं वाटायचं.

आणि कॅमेऱ्यात कचरा फार यायचा. पेशंटने जीभ हलवली, गाल मध्ये आला, की हिरडीच्या बाजूला नसते फुगवटे, शेपट्या दिसायच्या. ते पुसून टाकणं हे माझं रोजचं काम. अंगठ्याने तपासायला हातात काही नव्हतंच. डोळ्याने बघायचं आणि पुसायचं.

आता ताईचं.

ताई दिली निडीजवळ. भाताची शेती, भातानंतर वाल. भावजी अबोल, ताईची तोंडाची टकळी चालू. ती लग्नाआधीपासून मिश्री लावायची. मीही लावायचे, लग्नानंतर सोडली, कारण आमच्या यांना वास चालत नसे. ताईची सुटली नाही. डबी घेऊन मागच्या पडवीत बसायची, डाव्या गालात भरायची आणि तसंच तोंड वर करून बोलायची. तिचे खालचे डावे चार दात गेले, तेव्हा मीच तिला काढता-घालता येणारे दात केले. हाताने, मेणाने, प्लॅस्टरने. सहा-सात वर्षं तिने ते वापरले. गावात सांगत सुटली, “माझी बहीण बनवते, डॉक्टर नाय काय.”

तीन वर्षांपूर्वी वालाच्या शेंगांच्या दिवसांत तिचा फोन आला. “गो, तुझे दात लागतात मला. डावीकडे चरचरतंय. परवा शेतात मडक्यात पोपटी लावलेली, सगळे भाजलेल्या शेंगा खातायत आणि मी वांझोटी बसले बघत.” असं बोलायची ती. मी म्हटलं, “सात वर्षं झाली, झिजले असतील. बुधवारी मी रोह्याला जातेच आहे, तू पण ये. नवीन मशीनवर माप घेऊ. ओकायला नाय होणार.”

बुधवारी मी पेणहून गाडीने गेले, ती निडीहून रिक्षाने आली. दवाखान्यात आधी एक टॅब हातात देतात. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब, सगळं मराठीत, हो-नाहीवर बोट ठेवायचं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मी भरू का?” ताई म्हणाली, “का? मला वाचता येत नाय व्हय?” आणि पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. मी तिच्या शेजारीच. खांद्याला खांदा लागलेला. ती मोठ्याने वाचत होती. “दारू पिता का? अगो बाई! नाही. सिगारेट-बिडी ओढता का? नाही. तंबाखू किंवा गुटखा खाता का?” तिने माझ्याकडे बघितलं. “मला काय समजतात गो हे?” आणि ‘नाही’वर असं बोट दाबलं की टॅब हलला.

मी हसले. देवाशपथ, मी हसले. त्या क्षणी तिच्या ब्लाउजात मिश्रीची डबी होती, हे मला ठाऊक होतं. वास येत होता. आणि तरी मला ते उत्तर खोटं वाटलं नाही. कारण खोटं नव्हतंच. तिने जन्मात कधी तंबाखू खाल्ली नव्हती. ती लावायची. खाणं वेगळं, लावणं वेगळं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही कळतं. ज्याने कोणी कुठल्या शहरात बसून तो फॉर्म बनवला असेल त्याला कळलं नसेल. पण मला कळायला काय धाड भरली होती? तीस वर्षं चिठ्ठीवर ‘मिश्री’ हा शब्द वाचलेली मी.

मॅडमनी तोंड बघितलं. डावीकडे खाचेत लाल दिसलं, थोडं पांढरट. त्यांनी टॅबवर नजर टाकली, तंबाखू नाही. मग हिचे जुने दात हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, “मावशी, हे घासतायत तिथे. कडा लागतेय. जखम त्याचीच आहे.” माझ्या कामाला पहिल्यांदा कोणी तोंडावर नावं ठेवली. मला झोंबलं. मॅडम म्हणाल्या, “नवे नीट बसले की बरं होईल. पंधरा दिवसांनी दाखवा.” मग कॅमेरा घेतला. बाहेर आठ पेशंट बसलेले. ताई कॅमेरा तोंडात असताना पण बोलायला बघत होती, मॅडम हसत होत्या, “आजी, दोन मिनिटं गप्प!” सगळं असं खेळीमेळीत झालं.

गुरुवारी सकाळी मी लॅबमध्ये फाइल उघडली. ताईचं तोंड राखाडी, स्क्रीनभर. मी ते फिरवून फिरवून बघितलं. मनात एकच, यावेळी असे दात करीन की मॅडमना बोट ठेवायला जागा मिळणार नाही. आणि डावीकडे, खालच्या हिरडीच्या बाहेर, खाचेत, फुगवटा.

मी तो बघितला. मोठा करून बघितला. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हलली. गप्प बसेल तर ताई कसली! गाल मध्ये आला. मी एकटीच होते तरी मोठ्याने म्हटलं, “स्थिर बसता येत नाय तुला.” आणि ब्रश घेऊन तो पुसला. आधी थोडा, मग कडा मिळवल्या, मग पुन्हा एकदा, गुळगुळीत होईस्तोवर. वडिलांचा अंगठा अडणार नाही असा. पाच मिनिटंही लागली नसतील.

दात छापून आले. हो, आता छापतात, कागद छापतात तसे, गुलाबी रसायनातून थरावर थर. मी पॉलिश केलं. सुरेख झाले होते. पुढच्या बुधवारी मॅडमनी ते बसवले. ताई आरशात बघून म्हणाली, “नवरीसारखी दिसते गो मी.” मॅडम म्हणाल्या, “मावशींचं काम आहे, दिसणारच.” मी फुगले.

चार दिवसांनी फोन. “टोचतंय गो.”

“नवीन हाय. आठवडाभर टोचणारच.”

दहा दिवसांनी पुन्हा. “अगो, तिथंच टोचतंय. बोट लागलं तरी जीव जातो.”

“तुझं नेहमीचं. शनिवारी इकडे ये, बघते.”

ती पेणला लॅबमध्ये आली. येताना डोक्यावर पिशवी, वाल सोलून आणलेले. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. एक सोय असते, दात हिरडीवर बसवून बघता येतात, जिथे दाबतील तिथे लाल दिसतं आणि जिथे नीट बसतात तिथे हिरवं. मी तिला दाखवलं. सगळं हिरवं. “बघ,” मी म्हटलं, “कुठेच लागत नाय. तुझ्या मनात लागतंय.” ती स्क्रीनकडे बघत बसली. नवीन गोष्टीपुढे माणूस गप्प होतो तशी ती गप्प झाली, आणि ताई गप्प झाली की समजावं काहीतरी बिनसलंय. पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. हिरवं दिसणारच होतं! मी माझे दात माझ्याच गुळगुळीत केलेल्या हिरडीवर बसवून बघत होते. तिचं तोंड त्यात होतंच कुठे? तिचं तोंड माझ्या बाजूला स्टुलावर बसलं होतं, उघडून बघायला दोन बोटं पुरली असती.

जाताना ती म्हणाली, “तू म्हणतेस तर नसेल लागत.” मॅडमना पंधरा दिवसांनी दाखवायचं होतं, ते राहिलंच. बहिणीने बघितलं ना, मग परत रोह्याला कशाला जायचं, असं तिने भावजींना सांगितलं.

नंतर ती दात डबीत ठेवायला लागली, पाहुणे आले की लावायची. मला सांगायची बंद झाली. मीही विचारलं नाही. मे गेला. भाताची लावणी आली, वाकून वाकून लावणी करताना गाल जड वाटतो म्हणाली, पण लावणी उरकल्यावर बघू. मग गणपती. जोह्याला कारखान्यात सगळ्यांची झोप उडालेली असते, मी पण जाते मदतीला. ताई आली नाही. फोनवर म्हणाली, “तोंड उघडत नाय नीट. घास जात नाय.” तेव्हा कुठे मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रोह्याला. तिच्या तोंडात आता दोन बोटंही जात नव्हती. मॅडमनी एक बोट कसंबसं आत सरकवलं, फिरवलं, आणि थांबल्या. हातमोजा काढला, त्याला रक्त होतं. मग त्यांनी विचारलं, “आजी, तंबाखू खाता?”

“नाय.”

मॅडमनी टॅब उचलला, फॉर्म बघितला. तिथेही नाही. आणि मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, वडिलांचा शब्द आठवला असेल, त्यांनी हळूच विचारलं, “लावता का?”

“लावते की,” ताई म्हणाली. “मिश्री ना? चाळीस वर्षं झाली.”

मॅडम खुर्चीत बसल्या. “मग त्या दिवशी फॉर्ममध्ये ‘नाही’ का लिहिलंत?”

“खाता का, विचारलंत तुम्ही,” ताई म्हणाली. “खात नाय. लावते.”

पुढचं लांबण लावत नाही. तुकडा तपासून आला, कॅन्सरच निघाला, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या रांगा, तारखा, कागद. जबडा काढला, गाल काढला, मानेतल्या गाठी काढल्या. मग किरणं. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आला असता तर वरवरचं काढून भागलं असतं. त्यांनी सहज सांगितलं, त्यांना रोज हेच सांगावं लागत असेल. मी मनातल्या मनात महिने मोजले. शेंगांपासून गणपतीपर्यंत. बरोबर तेवढेच.

मॅडमनी नंतर मला दवाखान्यात बोलावलं. दार लावलं. त्यांच्या स्क्रीनवर ताईचं त्या दिवसाचं स्कॅन उघडलेलं होतं, रंगीत. डावीकडच्या खाचेत लाल-पांढरा खडबडीत फुगवटा. शेजारी मी करून पाठवलेली फाइल. तिथे काही नाही. सपाट. सुंदर. मॅडम म्हणाल्या, “चूक माझी आहे, मावशी. मी स्क्रीन बघितला. बाबांनी बोट घातलं असतं.” त्या रडल्या. मी रडले नाही. मला त्यांचा राग आला, की ही पोर सगळं स्वतःवर घेऊन मोकळी होतेय आणि मला माझ्या वाटणीचंही देत नाही. मी म्हटलं, “मशीनने पकडलं होतं, मॅडम. मी पुसलं.” त्या म्हणाल्या, “तुम्ही कचरा समजून पुसलं.” व्हय. बहिणीच्या अंगातली गाठ मी कचरा समजून पुसली.

लोक म्हणतात, मशीन आली आणि सगळी वाट लागली. माझे एक चुलते तर रोज म्हणतात. माझ्याही तोंडावर येतं, की असं म्हणावं आणि सुटावं. पण ते खोटं आहे. कॅमेऱ्याने जे होतं ते दाखवलं. प्लॅस्टर असतं तर माझा अंगठा अडला असता हे खरं, पण प्लॅस्टर सुटलं तेव्हा फोन करायची अक्कलही माझीच सुटली, ती मशीनने नेली नाही. मॅडमनी आता फॉर्ममध्ये ओळ घातलीय. ‘मिश्री लावता का?’ आणि मला फाइल रंगासकट येते. मी दर फाइलला दवाखान्यात फोन करते, हे काय आहे, ते काय आहे. मालक वैतागतात. वैतागू देत.

ताईला हे काही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं देवाने केलं. मी दर रविवारी जायचे, मिक्सरमधून पातळ केलेलं भरवायचे, डाव्या बाजूने ओघळायचं ते पुसायचे. तोंडाची टकळी गेली. शब्द पसरून येतात, भावजींनाही कळत नाहीत, मला कळतात. ती माझं कौतुक करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने माझ्याकडे दाखवायची आणि पसरट शब्दांत म्हणायची, “हिने केलं सगळं माझं.” तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटायचं.

यंदा मानेत परत गाठ आली. हॉस्पिटलने सांगितलं, आता कापण्यात अर्थ नाही, घरी न्या.

मग मात्र मला राहवेना. मॅडमकडून मूळ फाइल घेतली, मी हात न लावलेली, आणि लॅबमधल्या मशीनवर छापली. तळहाताएवढा जबडा, पिवळट, खरखरीत. पॉलिश केला नाही. रुमालात गुंडाळला आणि रविवारी निडीला गेले. ताई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती, जिथे डबी घेऊन बसायची तिथेच. मी समोर बसले, रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. फुगवटा दिसला ते, पुसला ते, हिरवं दाखवलं ते. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर परत सुरू झाले नसते.

ती ऐकत होती. मग तिने हात पुढे केला आणि तो जबडा घेतला. उजेडाकडे धरला, उलटा केला. आणि अंगठा फिरवायला लागली, कडेकडेने, हळू, वडील फिरवायचे तसा. डावीकडे आला तसा अंगठा थांबला.

“हेच टोचत होतं,” ती म्हणाली. शब्द पसरले होते, पण मला कळले. “मी सांगितलेलं गो तुला.”

“व्हय,” मी म्हटलं. “सांगितलेलंस.”

भावजी आतून चहा घेऊन आले. मी निघताना रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. जबडा तिने परत दिला नाही.